आठ खिडक्यांच्या झडपा

दि. ४ जानेवारी

चि. सौ. धाकटीस थोरल्या जावेचे अ. आ.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर गोड मानून घे. उजव्या खांद्याचं ऑपरेशन आता टळत नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. नंतर दोन महिने हात वर करायचा नाही. म्हणून सासूबाईंना तुझ्याकडे पाठवते आहे. आजवर कुणाला बोलले नाही, पण मी फार दमले गं.

त्यांचं खाणंपिणं सोपं आहे, खिडक्या अवघड. तुझ्याकडेही आतून लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत, म्हणून सांगते. पट्ट्या आडव्या करून वरून खाली कोरड्या फडक्याने पुस, मग घट्ट पिळलेल्या ओल्याने, लगेच पुन्हा कोरड्याने. तेल फक्त बिजागरीला, तेही थेंबभर. नजर गेल्यापासून, म्हणजे सात वर्षं, त्या रोज सकाळी चहाआधी पट्ट्यांवरून बोट फिरवतात आणि काही न बोलता बाजूला होतात. त्यांच्या उठण्याआधी मी आठही खिडक्या पुसून ठेवते. त्या मुक्या परीक्षेनेच माझा खांदा गेला, असं मला वाटतं.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर परतफेडीचं त्राण नाही.

तुझी थोरली

दि. २६ जानेवारी

ती. सौ. ताईंना सा. न. वि. वि.

ऑपरेशन पार पडल्याचं भावोजींच्या पत्रातून कळलं, जीव भांड्यात पडला. मी मात्र इकडे माती खाल्ली. झडपा चकचकीत दिसाव्यात म्हणून पट्ट्यांनाही तेल चोळलं. रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर चिकटली आणि सासूबाईंचं बोट काळंकुट्ट झालं.

आता आपली खैर नाही, म्हणून मी उभी राहिले, तर त्यांनी फडकं मागितलं. तेव्हापासून खिडकीशी खुर्ची ओढून बसतात, हाताला लागेल ती पट्टी चाचपून पुसतात. जेवायला दोनदा हाक मारावी लागते.

परवा भीत भीत विचारलं, की ताईंकडे रोज बोट का फिरवायच्या. म्हणाल्या, एखादी पट्टी राहिली असली तर आपण पुसावी म्हणून. पण थोरली इतकी नेटकी, की एकही उरायची नाही. फडकं मागावं तर तिच्या कामात खोट काढल्यासारखं झालं असतं.

कळवू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

आपली धाकटी

दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अ. आ.

रागावले. सात वर्षं! एक शब्द बोलल्या असत्या तर? मग वाटलं, मी तरी कुठे विचारलं? मीही गालच फुगवून बसले. खूप रडले. यांनी खांदा दुखतोय का विचारलं, हो म्हणून वेळ मारून नेली.

हात आता खांद्याच्या वर कधीच जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. सासूबाईंना कायमचं ठेवून घेऊ का, असं तू यांना पत्रातून विचारलंस म्हणे. तुझं मन मोठं आहे, पण नको. इथे महिन्याभराची धूळ साचली आहे. हे पुसायला निघाले, तर मी त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं.

एवढं पत्र सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. त्यांच्यावाचून माझं आता भागत नाही, हे त्यांच्यासमोर बोलायला माझी जीभ रेटणार नाही.

तुझी थोरली