कोणता कान

अमरावती, शनिवार संध्याकाळ

स्वतःचीच लाज वाटून राहिली. रेवा परवा चिखलदऱ्याला उन्हाळी शिबिराला जाणार. टाळ्या-शिट्या वाजल्या की पोरगी दोन्ही कान दाबून धरते. स्वमग्न आहे, दहा वर्षांची झाली, मला काय नवीन? तरी शिबिराच्या फॉर्मवर 'मुलाला काही विशेष अडचण?' ही ओळ मी कोरीच सोडली. घेणार नाहीत म्हणून? की बाकीच्या आया पाहतील म्हणून?

वरून आठवडाभर तिच्याकडून घोकून घेतलं, "कोणी विचारलं, कान काहून झाकले, तर सांगायचं, माहा कान दुखते." आज तिनं न अडखळता म्हटलं. मी खुशीत टाळी वाजवली. तिनं कान झाकले.

मघाशी तिची बॅग उघडली, तर कपड्यांवर कानात टाकायच्या औषधाची बाटली. तिनंच कपाटातून काढून ठेवलेली. तिला खोटं बोलता येत नाही. आई म्हणते म्हणजे कान दुखतच असणार.

"आई, कोणता दुखते माहा? डावा का उजवा?"

थांब, सांगते, म्हटलं. ती बाटली घेऊन पलंगावर बसली आहे, आणि मी इथं लिहीत बसली.