बोरिंगचं पाणी

देवास, ९ मार्च २०२४

ती. विनोदिनीआत्यास वल्लरीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. माझं मराठी सांभाळून घे. अपेक्षाच्या अंगावरचं पुरळ हटत नाहीये. डॉक्टर म्हणाले, आधी पाणी बदला. आमच्या बोरिंगला पिवळट पाणी येतं, वास मारतो. घरामागेच ट्रेंचिंग ग्राउंड, सगळ्या शहराचा कचरा तिथे पडतो. हे तिथूनच झिरपतंय, असं मी मननला म्हटलं तर तो भडकला. असं बोलत सुटलीस तर कॉलनीतली घरं कोण घेणार, म्हणाला.

तुझी माया असू दे.

वल्लरी

धार, १४ मार्च

चि. सौ. वल्लरीस अ. उ. आ.

ते पाणी आजच बंद कर आणि तपासायला दे. जावईबापूंना सांग, घराला गिऱ्हाईक मिळेल, पोरीला दुसरी कातडी मिळायची नाही. ऐकलं नाही तर तिला घेऊन सरळ इकडे ये. तुझ्या हातचे गिचका झालेले पोहेसुद्धा मी खाईन.

पोरीला माझा पापा.

आत्या

देवास, २८ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

गेल्या आठवड्यात कचऱ्याच्या डोंगराला आग लागली. प्लास्टिकच्या काळ्या धुराने अपेक्षाला श्वास घेता येईना. मननने तिला उचलून दवाखान्यात पळवलं. ऑक्सिजन लावावा लागला. आता बरी आहे. दुसऱ्या दिवशी मननने स्वतःच कचरागाड्यांपुढे मोटारसायकल आडवी घातली, मागोमाग सगळी कॉलनी रस्त्यावर बसली. पाणी पिण्यालायक नाही, हेही तपासणीत निघालं. शेवटी नगर निगमच्या साहेबांनी मान्य केलं, कचरा इथे येणार नाही. पेढे वाटले गेले.

मी विचारलं, मग जाणार कुठे? कन्नौद रस्त्याकडच्या एका गावाजवळ, म्हणाले. गावाला याचा पत्ताच नव्हता. काल आम्ही दोघं तिथे गेलो. त्या लोकांनी विहिरीचं गार पाणी दिलं. ते पिऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी रात्रीच रस्ता अडवला.

आज सकाळी भरलेल्या गाड्या परत आमच्या गेटशी उभ्या आहेत. शेजारणी म्हणतात, भाभी, तुम्हीच आणल्या. कोणी बोलत नाही. मी चुकले का, आत्या?

वल्लरी

धार, २ मे

चि. सौ. वल्लरीस अ. उ. आ.

चुकली नाहीस. पण शेजारणींचा रागही खोटा नाही; त्यांच्याही घरी पोरं आहेत. गाड्या इकडून तिकडे ढकलून भागणार नाही, त्या भरतात आपल्याच दारातून. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करणारं एक घर तुझं. दुसरं मी मिळवते, कितीही दारं तोंडावर आपटली तरी. शनिवारच्या बसने येते. जावईबापूंना मागच्या अंगणात ओल्या कचऱ्याच्या खतासाठी खड्डा खणायला सांग.

तुझी आत्या