खाटेच्या खुराला

चाकूर,
१९ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
बुद्धप्रियाचा जयभीम नि पाया पडणे.

आम्ही इकडं मजेत हाव. तुमच्या लेकाचा खोकला गेला. नायगावला थंडी लई पडली म्हणतात. गुडघ्यांना तेल चोळून घेता का न्हाई? फोन केला की तुम्ही "बरी हाय, बरी हाय" म्हणून ठेवून देता. तुम्ही गेल्यापासून, वर्ष झालं, हेच ऐकून राहिले. म्हणून आज कागद घेतला. ह्याला तरी मधीच कट करता येत न्हाई.

तनूला चार पूर्ण झाली. परवा अंगणवाडीत खिचडी संपेपर्यंत एका जागी बसली! आमच्या अंगणवाडीच्या सिंधुताई हे सांगायला डाळमिलच्या गेटावर आल्या. लोकांची पोरं बक्षिसं आणतात तेव्हाही एवढा गाजावाजा होत नसंल. मी मिलमधल्या सगळ्या बायांना चहा पाजला.

सिंधुताईंनीच आम्हाला लातूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पोरगी वांड न्हाई, तिला थांबणंच जड जातं. लहान हाय, औषध इतक्यात नको, आधी आईबापाला शिकवू. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, ऐकली की लगेच शाबासकी द्यायची. तुमचे लेक तर आता उठता-बसता "शाब्बास" म्हणतात. परवा चटणी वाटली तर मलाच म्हणाले.

तिथं रुद्राणीबाई म्हणून एक समाजसेविका बसतात. त्यांनी तनूचं काहीच विचारलं न्हाई. मला विचारलं, "तुम्ही कामात असता तेव्हा हिच्याजवळ कोण असतं? तुम्हाला दम कधी मिळतो?" मी आपली तोऱ्यात, "आमचं सगळं बरं हाय." तीन खेपा हेच सांगितलं. नाक वर ठेवायची सवय काय अशी जाते का!

चौथ्या खेपेला रडले. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगायचं हाय, नि मी केव्हाची खोकल्याच्या नि चटणीच्या गप्पा मारून राहिले.

तुम्ही गेल्यावर शेजारच्या गौरम्मानं तनूला दोन दिवस सांभाळलं, तिसऱ्या दिवशी हात जोडले. मग एकदा मी भाकरी थापत होते नि पोरगी रस्त्यावर, थेट ट्रॅक्टरपुढं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्या दिवशी मी तिला ओढणीनं खाटेच्या खुराला बांधलं. त्याच खाटेच्या. एकदाच न्हाई आत्याबाई, दोन महिने, रोज, अंघोळ-सैपाक उरकेपर्यंत.

तुम्ही लुगड्यानं बांधलं होतं तेव्हा मी अख्खी गल्ली गोळा केली. "माझं लेकरू काय जनावर हाय का?" म्हणून तोंड सोडलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघून गेलात. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसभर तिच्यामागं कसं पळायचं, हे मी एकदा तरी विचारलं होतं का? मला परक्या बाईनं विचारलं. तुम्हाला मी विचारायला पाहिजे होतं. लई लाज वाटते.

तुमच्या लेकालाही हे कालच सांगितलं. ते म्हणाले, "आईला लिही."

आता रुद्राणीबाईंनी मिलमालकाशी बोलून माझी पाळी बदलून घेतली, नि सिंधुताई सुट्टीनंतर तासभर तनूला ठेवून घेतात. म्हणून राखणीला या असं म्हणत न्हाई, राखणीची सोय झाली. तुम्ही घरच्या म्हणून या. नुसतं बसा, नि वाटलं तर माझ्यावर ओरडा.

हे तुम्ही सावकाश वाचून काढाल. मग तुमच्या लेकीला, रेणुकाताईंना द्या नि मोठ्यानं वाचायला सांगा. भाऊजी, पोरं, शेजारपाजार सगळे जमलेले असताना. तुम्हाला बोलले ते मी चारचौघांत बोलले. माफी कानात मागून कसं भागंल?

तुमचीच सून, तुम्ही केलं तेच केलेली,
बुद्धप्रिया