तुळशीच्या कुंडीचं भोक

मंगळवार, मे २००१

अजून डोकं शांत होत नाही. पंचवटीतल्या त्या बाई कुजलेली तुळस घेऊन दुकानात भांडायला आल्या. "तुमची रोपंच खराब!" मी कुंडी उलटी केली, तर तळाचं भोक सिमेंटने बुजवलेलं. म्हणे, नव्या फरशीवर ओघळ येतात. रोज आंघोळ करून तांब्याभर पाणी घालायचं, ते जाणार कुठे? बुडवून मारली तुळस, वर दोष माझ्या रोपाला!

"खाली ताटली ठेवा," म्हटलं, तर तोंड वाकडं.

तेवढ्यात आमचे हे आले. बाईंना दुसरी तुळस विकली आणि नव्या कुंडीचं भोक स्वतःच्या हाताने बुजवून दिलं. बाई गेल्यावर हसत म्हणाले, "पुढची तुळसही आपल्याकडूनच नेतील."

बाईंना निदान कळत नव्हतं. यांना कळतं!