अण्णांचा पांढरा सदरा

अण्णा, तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगतो. मी आता एका जागेचे तीन फोटो काढतो. एक अंधारा, एक मधला, एक भगभगीत उजेडाचा. लोकांना क्षणभर हलू नका म्हणायचं, बटण एकदा दाबलं की कॅमेरा आपणच तिन्ही घेतो. मग संगणकावर अंधाऱ्यातून पांढरे कपडे उचलायचे, उजेडाच्यातून सावलीतली तोंडं, आणि एक फोटो करायचा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "तीन तीन काहून? हात बसला न्हाई म्हणून." वसमतच्या त्या खुराड्याएवढ्या स्टुडिओत गिऱ्हाइकांना तुम्ही हेच ऐकवायचात, "आमी एकदाच दाबतो. एकच फोटो, बराबर!" आणि लोक माना डोलवायचे.

काय बराबर होतं हो त्यात? परवा तुमचे जुने फोटो काढून बसलो. भर उन्हातली लग्नं. पुढे नवरदेवाचा बाप, चुलते, गावचे मोठे. सदऱ्याच्या इस्त्रीची घडी न् घडी दिसते. मागे मांडवाच्या सावलीत पदर घेतलेल्या बाया, आणि त्यांना तोंडंच नाहीत, नुसता काळोख. शाळेत असताना मी एकदा विचारलं होतं. फोटोच्या कडा कापता कापता तुम्ही म्हणालात, "फोटो सांगितला कोणी? त्याचा सदरा पांढराफटक आला तर शिव्या मी खाऊ काय? बायांचं काय, दागिने दिसले की झालं." याला तुम्ही कला म्हणायचात. हुजरेगिरी होती ती, अण्णा, दुसरं काही नाही.

आणि आईचा फोटो. कनेरगाव नाक्याला मामाचं लग्न. तुम्ही स्टँडवर कॅमेरा ठेवता, टायमर लावता आणि धावत येऊन उभे राहता. उन्हात तुम्ही, सावलीत आई. उजेड कुणाचा धरला? स्वतःच्या सदऱ्याचा. त्याची बटणंसुद्धा मोजता येतात. आईचं तोंड तव्याच्या बुडासारखं काळं. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला घरात तेवढाच एक फोटो होता. दोन दिवस मी तो संगणकावर उजळत बसलो. राखाडी दाणे निघाले, डोळे निघाले नाहीत. माझी मुलगी विचारते, "आजी कशी दिसायची?" तेव्हा तुमची किळस येते मला, खोटं कशाला बोलू.

हे पत्र तुमच्या तसबिरीमागे ठेवणार होतो. नाही ठेवत. तुम्ही गेल्यावर आई आठ वर्षं होती, आणि हा तीन फोटोंचा कॅमेरा तेव्हाही माझ्या गळ्यात होता. अंगणात हळद वाळत घालताना ती म्हणाली होती, "लेकरा, माझा बी एक काढ की." मी म्हटलं, "थांब, ऊन जरा उतरू दे." आणि हिंगोलीला कुणाच्या तरी लग्नाला निघून गेलो. पुन्हा तिने विचारलं नाही, मलाही आठवलं नाही. तुम्ही निदान एकदा बटण दाबलं होतं.