लास्त्रीचा शंभरावा दिवस आणि माझे संवादकौशल्य

१९ ऑगस्ट, मंगळवार
जावा बेटावरील आमच्या सालातिगाच्या भूमापन कार्यालयाने मला ‘संवादकौशल्य’ वर्गास धाडले. तक्रार अशी की मी ऐकून न घेता दुरुस्ती करतो. तक्रारपत्रात दोन चुका होत्या. दाखवून परत केले.
वर्ग मात्र उपयोगी पडेल. पत्नी लास्त्री हिच्या निधनाचा शंभरावा दिवस जवळ येत आहे. प्रार्थनेस शेजाऱ्यांना घरोघरी जाऊन बोलवावे लागते. असली कामे तीच करी. माझ्या शब्दावर कोणी येईल काय? संकल्प: वीस माणसे.

२६ ऑगस्ट
प्रशिक्षक गालिह, वय सव्वीस. नियम पहिला: स्मित. समोरच्या घरातील तान्ह्या मुलावर सराव केला. ते रडले. दात येत असावेत.

२ सप्टेंबर
आमंत्रणास प्रारंभ. दिनांक ११, सायंकाळी सात. प्रथम लास्त्रीच्या मैत्रिणीकडे, बू कार्सिनींकडे. त्या म्हणाल्या, अहो पाक हार्सोयो, ती गेली तो मंगळवार धरलात ना? आपल्यात तो पहिला दिवस. मग दहा तारीखच येते. मी सस्मित समजावले की मोजणी शून्यापासून होते, तीस वर्षे जमिनी मोजल्या आहेत. त्या म्हणाल्या, बरं बरं, चहा घ्या, किती वाळलात! त्यांना पटले.

५ सप्टेंबर
अठरा घरे. सर्वत्र तीच शंका, तोच खुलासा, तेच ‘बरं’. आळीप्रमुख तुकिमान म्हणाले, वहिनी असत्या तर तुमचा कान धरला असता. हा विनोद असावा. हसलो (नियम चौथा). जेवणाचे पंचवीस डबे सांगितले.

१० सप्टेंबर, बुधवार, रात्री ८
शेवटचा वर्ग: ‘ऐकण्याची कला’. गालिह म्हणाला, पाक, आज मला अकरा वेळा दुरुस्त केलंत, पण हसत हो! प्रमाणपत्र मिळाले.
घरी आलो तर ओसरीवर चटया, आणि बू कार्सिनी केर काढताहेत. सातला अठ्ठावीस माणसे आली होती. दाराला कुलूप, म्हणून ओसरीवरच प्रार्थना झाली. प्रत्येकाने घरून भात आणला होता. म्हणाल्या, तुम्हाला सांगून उपयोग नव्हता. पण तिचा दिवस कसा चुकवायचा? माझा वाटा केळीच्या पानात बांधून ठेवला होता.

११ सप्टेंबर, सायंकाळी ७
पंचवीस डबे आले. माणूस एकही नाही.
दिनदर्शिकेवर बोट ठेवून पुन्हा मोजले. दहाच येते. त्या मंगळवारी ती साडेअकरापर्यंत होती. पेज गरम आहे, फुंकून घ्या, असे मला म्हणाली होती.
तो दिवस मी शून्य धरला.