मुक्या चित्रातली बाई

बाबा, मी वर्तमानपत्र सोडलं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. तुम्ही नागपूरच्या ज्या साप्ताहिकाला तलावांच्या, वाघांच्या आणि बाजाराच्या बातम्या पाठवायचात, तिथेच मी काही वर्षं होते. आता मुंबईत माहितीपट काढणाऱ्यांकडे आहे. आधी नुसतं लिहायला घेतलं होतं. मग निवेदन करणारे गृहस्थ आजारी पडले आणि माझा आवाज चालून गेला. पडद्यावर चित्र सरकतं, मी काचेआड बसते आणि धरण, शाळा, पूल जे दिसेल त्याच्याबद्दल बोलते. दिल्लीला घरबसल्या चित्र दिसण्याची सोय होणार आहे म्हणे. साहेब म्हणतात, तिथेही तुमचं काम होईल. मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते त्या बाई परवा सिनेमाला गेल्या होत्या. आल्यावर म्हणाल्या, आधी ते धरणाचं दाखवतात ना, त्यातली बाई किती गोड बोलते हो. मी म्हटलं, हो का? आणि खोलीत जाऊन दिवा लावला. ती मीच, हे सांगायला जीभ उचलली नाही. त्या दिवशी दुसरं काही बोलण्याचा प्रसंगही आला नाही.

अशा वेळी मला आपली पडवी आठवते. चांद्याच्या शाळेत मुलीला एकटीला ठेवायचं नाही म्हणून तुम्हीच मला घरी शिकवता आहात. आतून आईच्या चुलीचा धूर येतो आहे, आणि समोर तलावात मासे धरणारी ढिवर मंडळी जाळी विणत बसली आहेत. शिळं वर्तमानपत्र मी त्यांना वाचून दाखवते. चुकायची भीती वाटते म्हणून भरभर वाचते. तुम्ही हातातली तपकिरीची डबी खाली ठेवता. "गाडी सुटून राह्यली का तुही? माणूस मेल्याची बातमी हाय ते. जरासा दम घे." एक म्हातारा जाळ्यातून मान वर न काढता म्हणतो, "राहू द्या मास्तर. पोरगी थांबली तं आमाले झोप लागते!" सगळे हसतात, तुम्हीही. मला रडू येतं, पण पुढची बातमी मी सावकाश वाचते.

यंदा तलावांवरच्या माहितीपटासाठी आम्ही आपल्याच गावी गेलो. आमचं यंत्र नुसतं चित्र घेतं; आवाज नंतर मुंबईत भरतात. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं, पण जे यंत्र माणसाला जसंच्या तसं उचलून नेतं ते त्याचं बोलणं मागे कसं ठेवील, असं त्यांना वाटलं असावं. तुमच्याकडे झिंगे घेऊन यायची ती ढिवरीण बाई आता म्हातारी झाली आहे. तिचा मुलगा घुग्घुसच्या कोळसा खाणीत गेला, तो घरी फिरकत नाही. सिनेमाची गाडी खाणीवरही जाते, हे तिला मीच सांगितलं होतं. तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाळं झाडता झाडता ती थांबली, यंत्रासमोर आली आणि थेट त्याच्याशी बोलायला लागली. "तुही बायको पळाली मनून सांगतलं ना तुले, ते खोटं हाय. म्या हाकललं तिले. गावाले मालूम हाय, तुलेच नाई. तोंडासमोर मले निंगत नाई बापू." छायाचित्रकार खूश झाला, फीत फिरत राहिली. मी शेजारी उभी होते, आणि तिला थांबवलं नाही.

मुंबईत साहेब म्हणाले, इथे टाका, ही कोळीण नव्या कालव्याचा आनंद सांगते आहे. मी म्हटलं, तिने ते म्हटलेलं नाही. मग काय म्हटलं? ते मी त्यांना सांगेना. "तुम्ही अजून बातमीदारच आहात," असं म्हणून ते हसले आणि त्या जागी त्यांनी बासरी टाकली.

महिन्याभराने सिनेमाची गाडी गावात गेली तेव्हा मीही गेले. दिवस मावळल्यावर शाळेच्या भिंतीवर चादर बांधली. माय सिनेमात आहे हे ऐकून तिचा मुलगा घुग्घुसहून आला होता, तिच्याशी न बोलता बाजूला बसला होता. चादरीवर ती आली, तिचे ओठ हलू लागले आणि बासरी वाजली. "माहा आवाज कुठी गेला वं?" ती ओरडली. मागून कोणीतरी म्हणालं, "बुढीनं बासरी गिळली वाटते!" सगळा गाव हसला. मुलगा हसला नाही. खेळ संपल्यावर तो माझ्याकडे आला. "बाई, तुमी होत्या ना तिथी? माय काय मनून राह्यली होती?" ती त्याच्या मागेच उभी होती. तिने हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. पदर तोंडावर धरला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्याच बोलीत सगळं सांगितलं. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बस? इतकंच?"

मी म्हटलं, "सुनेले घेऊन घरी ये, असंबी मने."

त्याने खाली पसरलेलं घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं. मग आईकडे न पाहता म्हणाला, "चाल माय. सकाळी तिच्या गावाले जाऊ." ते दोघं अंधारात गेले, लोक पांगले, गाडीवाला चादर सोडायला लागला. मी पायरीवर बसून राहिले. जेवायला कोणाकडे जायचं ते ठरलं नव्हतं, आणि तुम्ही गेल्यावर आपलं घर दुसऱ्यांचं झालं आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. ते शेवटचं तिने म्हटलं नव्हतं, बाबा. मले निंगत नाई, एवढं बोलून ती जाळ्याकडे वळली होती. घेऊन ये, हे माझं मीच घातलं, तिच्या आवाजात. ती सून आली की नाही, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. आणि तुम्ही आज पडवीत बसलेले असतात, तर तुम्हालाही हे सांगितलं नसतं.